ओमाचा ऊस

ओमा आमची शेजारीण. डच भाषेत ओमा म्हणजे आजी. आमच्या गल्लीत लहानथोर सगळे तिला तेच म्हणतात, आणि कुणी नावाने हाक मारली तर तीही जरा उशिराच वळते. टोरांटोच्या उत्तरेला ब्रॅडफर्ड म्हणून गाव आहे, तिथे आमची घरं कुंपणाला कुंपण लागून. गावाखाली हॉलंड मार्श पसरलेली, म्हणजे दलदल उपसून काढलेली काळीभोर जमीन, गाजर आणि कांद्याची. नाव डच शेतकऱ्यांवरून पडलं असेल असं मला बरीच वर्षं वाटायचं. ते पडलंय सॅम्युअल हॉलंड नावाच्या अठराव्या शतकातल्या मोजणीदारावरून. (तो जन्माने डच निघाला, ही गंमत वेगळी.)

ओमा ८४ वर्षांची. मायदेशी, म्हणजे नेदरलँड्सला, तिच्या आजवर तीन फेऱ्या झालेल्या, आणि ही चौथी ‘शेवटची’ म्हणून ठरलेली. बरोबर तिची लेक जाणार होती, पण ऐन वेळी लेकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. ओमा कुंपणापाशी येऊन म्हणाली, "तू रिटायर झालीस ना? मग तुला काय काम असतं?" एकोणीस वर्षांच्या शेजारामुळे मला कळलं की हे आमंत्रण आहे. सप्टेंबरात आम्ही निघालो.

पहिला दिवस : स्खिपोल आणि रॉटरडॅम

विमानात झोप झाली नाही, एवढंच. स्खिपोल विमानतळावर पासपोर्टच्या दोन रांगा होत्या. ओमा सरळ युरोपियन पासपोर्टवाल्यांच्या रांगेकडे चालू लागली, मी दंडाला धरून वळवली. वडिलांनी कॅनडाचं नागरिकत्व घेतलं तेव्हाच घरादाराचं डच नागरिकत्व गेलं होतं, तिथला नियमच तसा. यात मला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. माझ्याही पर्समध्ये ओसीआय कार्ड आहे, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते, आणि मुंबईला उतरल्यावर माझेही पाय आधी चुकीच्या रांगेकडेच वळतात.

खिडकीतल्या पोरसवदा अधिकाऱ्याने इंग्रजीत विचारलं, "सुट्टीसाठी?"

ओमा डचमध्ये म्हणाली, "तपासणीसाठी."

तो हसला. पासपोर्टावरचं जन्मस्थान वाचलं, आणि पुढचा प्रश्न पुन्हा इंग्रजीतच विचारला. ओमाचा चेहरा पडला. हेच पुढे नऊ दिवस चाललं. ती डचमध्ये बोलायची, दुकानातली, बसमधली, हॉटेलातली तरणी पोरं सफाईदार इंग्रजीत उत्तर द्यायची. त्यात उर्मटपणा मुळीच नव्हता, उलट म्हातारीची सोय बघत होती बिचारी. पण तिसऱ्या दिवसापासून ओमा कॉफी मागताना उगाच आवाज चढवायला लागली.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना. ट्रेन, बस, ट्राम कशालाच वेगळं तिकीट काढावं लागत नाही. बँकेचं कार्ड चढताना यंत्राला टेकवायचं आणि उतरताना पुन्हा टेकवायचं. मात्र दोन्ही वेळा तेच कार्ड हवं, मोबाइलमधलं कार्ड यंत्राला वेगळं वाटतं. मी चढताना कार्ड टेकवलं, उतरताना मोबाइल, आणि दोन अर्धवट प्रवासांचा भुर्दंड भरला. ओमाने तो हिशेब मला तीन दिवस पुरवून पुरवून ऐकवला.

दुसरा दिवस : पेट्या आणि पेटारा

रॉटरडॅमच्या कातेनड्रेख्त भागात, जुन्या बंदराच्या कडेला, ‘फेनिक्स’ हे स्थलांतराचं संग्रहालय मे २०२५ मध्ये सुरू झालं. इमारत १९२३ची, हॉलंड-अमेरिका लाइन या बोट कंपनीचं गोदाम. आता त्याच्या छपरातून चकचकीत स्टीलचा एक वळणदार जिना वावटळीसारखा वर निघतो. शेजारच्या धक्क्यावर कंपनीची जुनी कचेरी आहे, तिचं हॉटेल झालंय. याच बंदरातून बोटी भरभरून माणसं गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर घरं नव्हती, जमीन पुरत नव्हती. पंतप्रधान विलेम ड्रेस यांनी १९५०च्या नववर्षाच्या भाषणात लोकांना सरळ सांगितलं होतं की आपल्यातल्या काहींनी धीर करून मोठ्या देशांत नशीब शोधावं. पुढे सरकार प्रवासखर्चालाही मदत करू लागलं. लाखो लोक गेले. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका.

आत दोन हजार जुन्या सूटकेसांचा एक भुलभुलैया रचलाय. लोक फोटो काढत होते. काही सूटकेसांच्या मालकांच्या गोष्टी कानाला लावलेल्या यंत्रातून ऐकू येतात. ओमाने यंत्र घेतलं, पाच मिनिटं ऐकलं आणि काढून माझ्या हातात दिलं.

"आमच्याकडे सूटकेस नव्हती. आमच्याकडे किस्त होती."

‘किस्त’ म्हणजे पेटारा, पण आपल्या डोळ्यासमोर येतो तसला नव्हे. खोलीएवढं लाकडी खोकं, सुताराकडून करून घेतलेलं. रोकड फारशी बाहेर नेता यायची नाही, म्हणून होते नव्हते ते पैसे लोक वस्तूंत घालायचे आणि वस्तू खोक्यात. ओमाच्या घरच्या किस्तमध्ये सुट्या केलेल्या चार सायकली होत्या, पायाचं शिलाई मशीन, पिसांच्या गाद्या, एनॅमलची पातेली, आणि पातेल्यांच्या पोकळीत दाबून भरलेले लोकरीचे मोजे. कॅनडात पोचल्यावर रिकाम्या किस्तचं कोंबड्यांचं खुराडं झालं. त्याची एक फळी ओमाच्या गॅरेजमध्ये अजून भिंतीला टेकून उभी आहे. तिच्यावर काळ्या रंगात वडिलांचं आडनाव आहे आणि खाली ‘हॅलिफॅक्स’, म्हणजे कॅनडातलं उतरायचं बंदर. त्या फळीवर मी कितीदा तरी ओली छत्री टेकवली असेल.

मार्च १९५४मध्ये ते ‘ग्रोटे बेअर’ बोटीने निघाले. बँड वाजला का, रुमाल हलले का, असं काहीबाही मी विचारलं. ओमाला आठवत होती ती फक्त आई. ती धक्क्याकडे पाठ करून बसली होती आणि बोट सुटेपर्यंत तिने सोबतच्या डब्यातलं अंडं सोलून संपवलं नव्हतं.

तिसरा दिवस : झीरिकझे

रॉटरडॅमहून बसने झीलंड प्रांतातल्या झीरिकझे या छोट्या शहरात आलो. सपाट रान, त्यावर बटाटे आणि कांदे, आणि रस्त्यापेक्षा उंच बांध. पाणी दिसत नाही, पण बांधाच्या वरून शिडाची टोकं सरकताना दिसतात. ओमा बसमध्ये अचानक गप्प झाली आणि गप्प झालेली ओमा हा दुर्मीळ प्रकार असल्याने मीही खिडकीबाहेर पाहत राहिले.

आम्ही उतरलो ते घरगुती लॉज होतं. मालकीण साठीची. ओमाने दारातच तिला काहीतरी विचारलं आणि त्यात मला स्पष्ट ‘ऊस’ ऐकू आलं. बाई थबकल्या, मग मोकळ्या हसल्या आणि चक्क त्याच बोलीत सुरू झाल्या. घर म्हणजे प्रमाण डचमध्ये ‘हाउस’च्या जवळ जाणारा शब्द. झीलंडच्या बोलीत ‘ह’ गळतो आणि उरतो तो ‘ऊस’, ओठ शीळ घातल्यासारखे करून म्हणायचा. मी ओमाला सांगितलं, आमच्याकडे ऊस म्हणजे ज्याची साखर होते तो. तिने थोडा विचार केला. "म्हणजे आमच्याकडे बीट. पण चालेल."

लॉजवर कॉफीबरोबर बोलुस आला. हा झीलंडचा खास गोड पाव, दालचिनी आणि तपकिरी साखरेत लोळवून गुंडाळी करून भाजलेला, बोटांना चिकटून बसणारा. खायची रीत अशी की तो पालथा करायचा आणि सपाट बाजूला लोणी थापायचं. मी सुलटा खायला घेतला तर दोघीही बायका एकदम ओरडल्या.

संध्याकाळी बंदरावर वाफवलेले शिंपले खाल्ले. एक भलं मोठं काळं पातेलंच समोर आणून ठेवतात. पहिल्या शिंपल्याची रिकामी जोडी चिमट्यासारखी वापरून बाकीचे खायचे. मी वेंगुर्ल्याची, मला कोण शिकवणार! पण खोबरं नाही, कोकम नाही, नुसती सेलेरी आणि पांढरी वाइन. माझी आज्जी असती तर पातेलं परत पाठवलं असतं. बोलता बोलता मी ओमाला आमच्या गावातल्या डच वखारीचं सांगितलं. १६३७मध्ये त्यांनी वेंगुर्ल्यात ठाणं घातलं. वखारीच्या पडक्या भिंतींतून आम्ही लहानपणी लपाछपी खेळायचो. ओमाने काटा खाली ठेवला. "भाडं थकलंय का त्यांचं?"

वाऱ्यासाठी : छत्री नेऊ नका. टोपी असलेलं, वारा न शिरणारं जाकीट न्या. माझी छत्री पहिल्याच कोपऱ्यावर उलटी झाली आणि लॉजच्या कचऱ्याच्या डब्यात तिचा मुक्काम पडला.

चौथा दिवस : औवरकेर्क

ओमाचं गाव. झीरिकझेहून गाडीने दहा-बारा मिनिटं. तिच्या मामेबहिणीच्या मुलाने सोडलं.

३१ जानेवारी १९५३, शनिवारची रात्र. वायव्येचं वादळ आणि अमावास्या-पुनवेला येतं तसलं मोठं उधाण एकाच वेळी आलं. फ्लिसिंगन बंदराला समुद्र नेहमीच्या पातळीच्या ४.५५ मीटर वर चढला. त्या काळी रेडिओ मध्यरात्री बंद व्हायचा, लोक झोपलेले. पहाटे बांध फुटायला लागले. नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली आणि त्यांतली बरीचशी झीलंडमधली.

ओमा तेव्हा अकरा वर्षांची. गाई ओरडायला लागल्या म्हणून वडील उठले. सगळे शिडीने माळ्यावर गेले. "सकाळी पाणी जरा उतरलं तेव्हा बाबा खाली जाऊन पाव आणि चीज घेऊन आले. सगळ्यांना वाटलं, संपलं. रविवारी दुपारी दुसरी भरती आली. घरं पडली ती त्या वेळी." त्यांच्या घराची एक भिंत गेली, माळा तिरका होऊन अडकला. तिरक्या माळ्यावर सात माणसं दीड दिवस बसली होती. मासेमाऱ्यांच्या होडीने काढलं. हे सगळं ती बाजारभाव सांगावा तशा आवाजात सांगते.

बांधाचं शेवटचं भगदाड इथेच, औवरकेर्कला बुजवलं, ६ नोव्हेंबर १९५३च्या रात्री. त्यासाठी काँक्रीटची चार महाकाय पोकळ खोकी पाण्यात बुडवली. युद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तात्पुरती बंदरं उभारायला केली होती त्या जातीची. त्याच खोक्यांच्या पोटात आता महापुराचं संग्रहालय आहे. आत गारवा, ओल्या सिमेंटचा वास, पावलांचा आवाज घुमतो. एका अंधाऱ्या दालनात जमिनीवर वाळू पसरलीय आणि तिच्यावर उजेडाने नावं उमटतात, सरकतात, विरतात. त्या मांडणीचं नाव ‘१८३५+१’. तो ‘एक’ म्हणजे त्या रात्री जन्मलेलं आणि नोंद व्हायच्या आत बुडालेलं बाळ.

ओमा बराच वेळ वाळूच्या काठाशी उभी होती. मग तिथल्या स्वयंसेवक आजोबांना तिने विचारलं, "माणसांची नावं आहेत. घोड्यांची?" आपल्या घरच्या घोडीचं नाव तिने सांगितलं, मला ते दोनदा ऐकूनही उच्चारता आलं नाही. आजोबांनी उत्तर दिलं नाही. त्यांच्या घरी किती घोडे होते ते त्यांनी बोटं वर करून दाखवलं. दोन.

निरोप घेताना ते म्हणाले, "कॅनडात तरी पाण्याची भीती नसेल." ओमा इतकी हसली की तिला बाकावर बसवावं लागलं. मार्चमध्ये हे कुटुंब हॉलंड मार्शमध्ये पोचलं, आणि १५ ऑक्टोबर १९५४ला हेझल चक्रीवादळ ओंटारियोवर आदळलं. ८१ माणसं दगावली, आणि हॉलंड मार्श अख्खी पाण्याखाली गेली. वीस महिन्यांत दुसऱ्यांदा! सगळी गाजरं तरंगत होती. आईने त्या वेळी म्हटलेलं एक वाक्य ओमाने आजोबांना त्यांच्या बोलीत ऐकवलं आणि मला भाषांतर करून द्यायला साफ नकार दिला.

संग्रहालयाबाहेर झाडी आहे आणि झाडीत तळ्यांसारखं रुंद, शांत पाणी. फुटलेल्या बांधातून महिनोन् महिने भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर करत राहिलं, त्याने जमीन इतकी खोल खरवडली की नंतर कुणी ती भरत बसलं नाही. ओमा काठी टेकत एका वळणापाशी थांबली. चर्चचा मनोरा उजव्या खांद्यावर घेतला, मग थोडी मागे सरकली, पुन्हा मनोऱ्याकडे पाहिलं आणि काठी उचलून पाण्याकडे दाखवली.

"तिथपासून तिथपर्यंत बटाटे. पलीकडे बीट."

दोन बदकं चालली होती. वाचलेल्या जमिनीतलं मीठ काढायला सरकारने जिप्सम टाकलं, सगळ्या बेटावरच्या शेतांची नव्याने वाटणी केली, सरळ मोठे तुकडे पाडले. छोट्या शेतकऱ्यांना जागा कमी उरली. ओमाच्या वडिलांनी एका संध्याकाळी कागदावर हिशेब मांडला, आणि कागद उलटा करून मागच्या बाजूला कॅनडाच्या अर्जाचा मसुदा लिहिला. कागदाची दुसरी बाजू कोरी टाकणं त्या घरात पाप होतं.

गावात अजून काही लाकडी घरं दिसतात. नॉर्वे, स्वीडन वगैरे देशांनी पूरग्रस्तांना भेट म्हणून पाठवलेली. ओमाला ती तेव्हाही आवडली नव्हती. "बागेतल्या शेडसारखी," ती म्हणाली.

पाचवा दिवस : कॉफी

मामेबहीण ७९ वर्षांची. कॉफीची वेळ साडेदहा. आम्ही दहा वाजून वीस मिनिटांनी पोचलो तर ओमा दहा मिनिटं कोपऱ्यावर उभी राहिली. खुर्च्या गोल मांडलेल्या. कॉफी, मग बिस्किटांचा डबा फिरला, प्रत्येकाने एक घेतलं, झाकण लागलं. हा प्रकार मी विनोदात ऐकून होते. झाकणाचा खट्ट आवाज प्रत्यक्ष ऐकला तेव्हा मी ओमाकडे पाहिलं नाही आणि तिनेही माझ्याकडे पाहिलं नाही. वर मामेबहीण तोंडभरून म्हणत होती की आता सगळं कसं मुबलक आहे.

ओमाने त्या दिवशी तिच्या आजीचं झीलंडी बटण लावलं होतं. चांदीचं, सुपारीएवढं, घुमटाच्या आकाराचं, वर चांदीचे बारीक दाणे वर्तुळात बसवलेले. मामेबहिणीच्या नातसुनेच्या गळ्यात तसंच, पण दुकानातलं, पर्यटकांना विकतात तसलं. दोन्ही बटणं टेबलावर शेजारी ठेवून बघितली. ओमाच्या बटणाचे तीन दाणे गळालेले आणि मधला काळा पडलेला.

मग गप्पा रंगल्या. मला शब्द कळत नव्हते, पण मध्येच मामेबहीण बोलायची थांबली आणि ओमाकडे बघत राहिली. नंतर नातसुनेने मला इंग्रजीत सांगितलं, ती म्हणाली, "तू माझ्या आईसारखी बोलतेस. असं आता कुणीच बोलत नाही." तिकडची बोली सत्तर वर्षं पुढे गेली, ओमाची १९५४मध्ये किस्तमध्ये बंद झाली ती ब्रॅडफर्डच्या स्वयंपाकघरात तशीच उघडली. मला आठवलं, पुण्याला भाच्यासमोर मी ‘एकदम फंडू’ म्हणाले होते आणि पोरगं दोन दिवस हसत होतं.

परतताना मी ओमाला विचारलं, "तुम्हाला कधी परत यावंसं वाटलं नाही?"

"परत? कुणाच्यात? मी सांगते ते गाव तिच्यासुद्धा लक्षात नाही." मग थोड्या वेळाने, "पण माझं बोलणं समजणारं कुणीतरी इथे आहे, हे दर काही वर्षांनी बघून जावं लागतं."

सहावा ते आठवा दिवस

सहाव्या दिवशी ऊस्टरस्खेल्डे खाडीच्या तोंडावरचा, वादळाचं पाणी अडवणारा बांध पाहिला. नऊ किलोमीटर, ६२ पोलादी दारं, १९८६मध्ये पुरा झाला. आधी खाडी कायमची बुजवायचं ठरलं होतं. शिंपले-कालवं काढणारे आणि पर्यावरणवाले रस्त्यावर उतरले म्हणून दारं आली. ती एरवी उघडी असतात आणि पाणी ३ मीटरच्या वर चढणार असा अंदाज आला की लावतात. ओमा वाऱ्यात कठड्याला धरून दारं मोजत होती. एकवीसनंतर चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. "एवढं त्या वेळी केलं असतं," एवढंच म्हणाली. मला थंडीने कान बधिर झाल्याचं आठवतंय.

सातवा दिवस पावसात गेला. आठव्या दिवशी खरेदी. ओमाने दोन किलो द्रोप घेतलं, म्हणजे ज्येष्ठमधाची काळी वडी, आणि तीही खारी. खारेपणा मिठाचा नव्हे, चक्क नवसागराचा! पहिली वडी तोंडात टाकाल तेव्हा जवळ रुमाल असू द्या. तीच द्रोप आमच्याकडच्या डच वाण्याकडेही मिळते. मी तसं म्हणाले, तर ओमाने माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप पिशवी धरली.

नववा दिवस : टोरांटो

कॅनडात माती आणायला सक्त मनाई आहे, फुलांच्या कांद्यांना तपासणीचा दाखला लागतो, हे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. ओमाला ते पाठ होतं, तिने काहीच आणलं नव्हतं. फक्त तिच्या बुटांच्या खाचांत तळ्याकाठचा राखाडी चिखल वाळून बसला होता. मला तो स्खिपोललाच दिसला होता, मी बोलले नाही.

अधिकारी बाईने नेहमीचे प्रश्न विचारले. मांस? नाही. बियाणं? नाही. किती दिवस होतात? नऊ.

"तिथे कुठल्या शेतावर गेला होतात का?"

ओमाने क्षणभर विचार केला. तिला खोटं बोलता येत नाही.

"शेतावर गेले होते. पण तिथे पाणी होतं."

बाईने आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, कागदावर शिक्का मारला आणि मागच्या माणसाला बोलावलं.